हेलसिंकी ते टोकियो: अंतर तेच, तास मात्र बदलत राहिले

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना जे पसरट झालं होतं ते थोडं आवरलंय, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय.

आज एकच प्रश्न घेऊ. एका बाजूला फिनलंडची राजधानी हेलसिंकी, दुसऱ्या बाजूला जपानची राजधानी टोकियो. विमानानं थेट जायला किती वेळ लागतो?

१९८३ साली उत्तर होतं, साधारण १३ तास.

२०१९ साली उत्तर होतं, साधारण साडेनऊ तास.

आणि २०२२ च्या मार्चपासून उत्तर पुन्हा आलं, साधारण १३ तास.

आता गंमत बघा. या चाळीस वर्षांत शहरं जागची हललेली नाहीत. इंजिनं सुधारली, विमानाचं अंग कार्बन फायबरचं झालं, रस्ता दाखवायला वरती उपग्रह आले. तरी प्रवासाचा वेळ फिरून १९८३ च्या आकड्यावर कसा आला? याचं उत्तर विमानात सापडत नाही, इतिहासात सापडतं. आजचा भाग त्याचाच आहे.

अंतर म्हणजे नक्की कोणतं अंतर?

मी धंद्यानं सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे सुरुवात आकड्यांनी करतो. पृथ्वीवरच्या दोन ठिकाणांमधलं अंतर काढायला हॅवरसाइन नावाचं एक सूत्र वापरतात. दोन्हीकडचे अक्षांश-रेखांश घालायचे, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरायची, उत्तर बाहेर येतं. दहा ओळींचा प्रोग्रॅम आहे. हेलसिंकी आणि टोकियो घातलं की उत्तर मिळतं ७,८०० किलोमीटरच्या आसपास.

पण हे अंतर शाळेतल्या नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं नव्हे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर या दोन शहरांमध्ये रेघ मारलीत तर ती कझाकस्तान, मंगोलिया, चीन असा मुलूख तुडवत जाईल. पृथ्वीचा गोल हातात घ्या आणि दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा वर सरकतो. टोकियो हेलसिंकीच्या बरंच दक्षिणेला आहे, तरीही हेलसिंकीहून निघालेलं विमान आधी अजून उत्तरेला चढतं, जवळपास आर्क्टिक वृत्तापर्यंत, आणि मग खाली उतरायला लागतं. मी मध्यबिंदू काढून बघितला. तो मध्य सैबेरियात येतो, १९०८ साली तुंगुस्काचा तो प्रसिद्ध स्फोट झाला त्याच मुलखात.

म्हणजे सगळ्यात जवळची वाट जवळजवळ पूर्ण रशियावरून जाते. थोडं फिनलंड, शेवटी थोडा समुद्र आणि जपान. मधला सगळा डोलारा रशियाचा. ही एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

तशी ही वाट विमानांच्या आधीपासूनची आहे. जपानी कवयित्री योसानो अकिको १९१२ साली पॅरिसला गेली ती व्लादिवोस्तोकहून सैबेरियन रेल्वेनं, दोन आठवड्यांत. जहाजानं याच प्रवासाला महिन्याहून जास्त लागायचा. सैबेरियातून जाणं जवळचं आहे हे लोकांना ठाऊक होतंच. प्रश्न फक्त एवढाच होता की जाऊ देणार का.

आभाळ कुणाचं?

आपल्याला वाटतं की समुद्रासारखं आभाळही मोकळं असावं. तसं नाहीये. १९४४ साली, महायुद्ध चालू असतानाच, अमेरिकेत शिकागोला एक परिषद झाली. तिथं जो करार झाला त्याचं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक देशाचा आपल्या डोक्यावरच्या आभाळावर पूर्ण हक्क आहे. त्याच परिषदेत आणखी एक वेगळा करार तयार झाला. सही करणाऱ्या देशांनी एकमेकांच्या नियमित विमानांना नुसतं वरून जाऊ द्यायचं, किंवा इंधन भरायला उतरू द्यायचं, असा तो करार. त्यावर बऱ्याच देशांनी सही केली. सोव्हिएत युनियननं केली नाही. आजचा रशियाही त्यात नाही.

त्यामुळे शीतयुद्ध सुरू झालं तेव्हा जगातल्या सगळ्यात मोठ्या देशाचं आभाळ युरोपातल्या कंपन्यांना बंद होतं. टोकियोला जायचं तर दक्षिणेकडून जायचं. १९५३ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश कंपनी बीओएसीनं लंडन ते टोकियो कॉमेट जेट सुरू केलं. जगातलं पहिलं प्रवासी जेट ते. वाट कशी, तर रोम, बैरूत, बहारीन, कराची, दिल्ली, कलकत्ता, रंगून, बँकॉक, मनिला असं करत करत टोकियो. एसटी जशी प्रत्येक फाट्यावर थांबते तसं. आणि तरीही ३६ तासांत पोचतो म्हणून लोक थक्क झाले होते, कारण आधीच्या पंख्याच्या विमानाला ८६ तास लागायचे.

ध्रुवावरून वळसा

मग स्कँडिनेव्हियातल्या लोकांनी वेगळा विचार केला. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांची मिळून एक विमान कंपनी आहे, एसएएस. त्यांचं म्हणणं असं की पूर्वेला दार बंद आहे, दक्षिणेचा रस्ता लांबचा आहे, मग उत्तरेला काय आहे? उत्तरेला ध्रुव आहे. ध्रुव ओलांडून पलीकडे उतरलं की अलास्का. तिथं इंधन भरायचं आणि पॅसिफिकच्या कडेकडेनं टोकियो गाठायचं.

२४ फेब्रुवारी १९५७ ला कोपनहेगन–अँकरेज–टोकियो ही सेवा सुरू झाली. दोन्ही टोकांकडून विमानं निघाली आणि ध्रुवाजवळ त्यांची गाठ पडली. विमान होतं डीसी-७सी, चार पिस्टन इंजिनांचं. दक्षिणेच्या वाटेनं पन्नास तासांच्या आसपास लागायचे, ते साधारण ३२ वर आले.

ऐकायला सोपं वाटतं, पण ध्रुवापाशी दिशा शोधणं हा तेव्हा मोठाच प्रश्न होता. होकायंत्राची सुई चुंबकीय ध्रुवाकडे बघते, आणि तो ध्रुव भौगोलिक ध्रुवापासून दूर, कॅनडाच्या उत्तरेला होता. त्या भागात सुई नुसती भिरभिरते. शिवाय सगळे रेखांश ध्रुवावर एकत्र येतात, त्यामुळे तुम्ही सरळ रेषेत चाललात तरी 'उत्तर' दर काही मिनिटांनी बदलत राहते. ध्रुव ओलांडला की त्या क्षणी उत्तरेला जाणारं विमान दक्षिणेला जाणारं होतं, वळण न घेता!

त्यावर उपाय मला इंजिनिअर म्हणून फार आवडतो. त्यांनी खरी उत्तर सोडूनच दिली. नकाशावर चौकोनी जाळं आखलं, गणिताच्या वहीसारखं, आणि जाळ्याची एक बाजू म्हणजे 'उत्तर' असं ठरवून टाकलं. मग होकायंत्राऐवजी खास तयार केलेला, फार कमी सरकणारा जायरोस्कोप वापरला. त्याला तपासायला सूर्य-ताऱ्यांचे वेध. आणि सूर्य क्षितिजाखाली असेल तर आकाशातल्या उजेडावरून दिशा सांगणारं स्काय कंपास नावाचं उपकरण. प्रश्न सुटत नसेल तर मोजमापाची चौकट बदला. आमच्या क्षेत्रात हे आम्ही रोज करतो आणि स्वतःची पाठ थोपटून घेतो. या लोकांनी ते उणे पन्नास अंशात केलं.

बर्फावर उतरायची वेळ आलीच तर म्हणून विमानात तंबू आणि गरम कपडे असायचे. डच कंपनी केएलएमनं तर पांढऱ्या अस्वलांच्या भीतीनं रायफलीही ठेवल्या होत्या.

अँकरेजचे दिवस

एसएएसच्या मागोमाग एअर फ्रान्स, केएलएम, जपान एअरलाइन्स सगळे याच वाटेला लागले. अलास्कातलं अँकरेज, जे तोवर एक आडगाव होतं, ते जगाचं जंक्शन झालं. लंडन, पॅरिस, कोपनहेगनहून टोकियोला जाणारा माणूस मध्यरात्री केव्हातरी अँकरेजला उतरायचा, तासभर पाय मोकळे करायचा आणि पुन्हा विमानात बसायचा. जपानी प्रवाशांच्या एका अख्ख्या पिढीला अँकरेज आठवतं ते विमानतळावरच्या उदोनच्या टपरीसाठी. उदोन म्हणजे त्यांच्या जाड शेवया, गरम रश्शातल्या. युरोपात पंधरा दिवस पाव-चीज खाऊन कंटाळलेल्या माणसाला घरची चव पहिल्यांदा मिळायची ती अलास्कात. आपल्याकडचा माणूस परदेशातून येताना दुबईच्या विमानतळावर वडापाव दिसला तर जसा हरखेल ना, अगदी तसंच.

पैसे देऊन उघडणारं दार

सोव्हिएत बाजूलाही हिशेब चालू होताच. आपल्या डोक्यावरचं आभाळ म्हणजे नाणं आहे हे मॉस्कोला कळत होतं. १९६७ च्या एप्रिलमध्ये टोकियो–मॉस्को सेवा सुरू झाली. पण अट अशी की सैबेरियावरून परक्या देशाचं विमान उडणार नाही. मग तोडगा काय निघाला? विमान सोव्हिएत कंपनी एरोफ्लोटचं, टीयू-११४, वैमानिक सोव्हिएत, आणि विमानाच्या अंगावर जपान एअरलाइन्सचंही नाव! हे टीयू-११४ म्हणजे मुळात टीयू-९५ या बॉम्बफेकी विमानाचं प्रवासी रूप. एकेका इंजिनाला दोन दोन पंखे, उलट्या दिशेनं फिरणारे. आतला आवाज केवढा असेल याची कल्पना करा.

१९७० मध्ये जपान एअरलाइन्सला स्वतःचं विमान घेऊन टोकियो–मॉस्को–पॅरिस जायची परवानगी मिळाली. हळूहळू युरोपातल्या काही कंपन्यांनाही मिळाली, पण मॉस्कोला थांबायचं, ठरावीक फेऱ्या करायच्या आणि पैसे मोजायचे. या पैशाचं वैशिष्ट्य असं की ते एरोफ्लोटला जायचे. म्हणजे तुमचा जो स्पर्धक, त्यालाच तुम्ही वाटेचा टोल द्यायचा. सोव्हिएत युनियन गेलं तरी ही पद्धत गेली नाही. २००० नंतरच्या दशकात युरोपीय संघातल्या कंपन्या मिळून वर्षाला ३० कोटी युरोच्या घरात रक्कम देत होत्या, आणि युरोपीय संघ त्याविरुद्ध सतत तक्रार करत होता.

१९८३: एक वर्ष, दोन उड्डाणं

आता आपल्या मूळ शहरांकडे येऊ. हेलसिंकी. सोव्हिएत हद्द तिथून अगदी जवळ. सगळ्यात जवळची वाट दारातून जाते, आणि दार बंद. १९८३ च्या एप्रिलमध्ये फिनएअर या त्यांच्या कंपनीनं हेलसिंकी–टोकियो कुठंही न थांबता सेवा सुरू केली. पश्चिम युरोपातून जपानला विनाथांबा जाणारी ही पहिलीच सेवा. डीसी-१० विमान घेतलं, इंधनाची जास्तीची टाकी बसवली आणि विमान सरळ उत्तरेला सोडलं.

मी प्रोग्रॅममध्ये ही वाट घालून बघितली. हेलसिंकी ते उत्तर ध्रुव ३,३०० किलोमीटर. ध्रुव ते बेरिंगची सामुद्रधुनी, म्हणजे अलास्का आणि रशिया यांच्यामधली चिंचोळी खिंड, साधारण २,७०० किलोमीटर. तिथून टोकियो सरळ गेलात तर ४,७००, पण सरळ जाता येत नाही. मध्ये रशियाचं कामचाटका येतं, त्याला लांबून वळसा. म्हणजे कमीत कमी बेरीजच १०,७०० होते. सरळ वाटेपेक्षा तीन हजार किलोमीटर जास्त, आणि तेही बर्फाच्या वाळवंटावरून. फक्त शेजाऱ्याच्या अंगणातून जायचं नाही म्हणून.

हे अंगण किती धोक्याचं होतं, ते तोवर एकदा दिसलंही होतं. २० एप्रिल १९७८ ला कोरियन एअर लाइन्सचं पॅरिसहून निघालेलं बोईंग ७०७ अँकरेजमार्गे सोलला चाललं होतं. ध्रुवीय भागात त्याची दिशा चुकली. ते हळूहळू एवढं वळलं की अलास्काऐवजी सोव्हिएत युनियनच्या मूरमान्स्क भागात शिरलं. लढाऊ विमानानं त्यावर मारा केला. वैमानिकानं ते अंधारात एका गोठलेल्या तळ्यावर उतरवलं. दोन प्रवासी गेले, बाकीचे शंभराहून जास्त वाचले.

दुसऱ्या वेळी कोणी वाचलं नाही. १ सप्टेंबर १९८३. फिनएअरची सेवा सुरू होऊन जेमतेम चार महिने झाले होते. कोरियन एअर लाइन्सचंच फ्लाइट ००७, न्यूयॉर्कहून अँकरेजमार्गे सोलला जाणारं बोईंग ७४७. अँकरेज ते आशिया या टप्प्यात पाच समांतर हवाई मार्ग होते, आणि याला मिळालेला मार्ग सगळ्यात उत्तरेचा, कामचाटकाच्या हद्दीला लागून जाणारा. विमान उड्डाणापासूनच थोडं थोडं उत्तरेला सरकत गेलं. अलास्का सोडायच्या आधी बेथेल नावाच्या ठिकाणीच ते २० किलोमीटरहून जास्त बाजूला होतं. कामचाटकावरून गेलं, समुद्र ओलांडला, साखालिन बेटावर आलं तेव्हा ते आपल्या वाटेपासून ५०० किलोमीटरहून अधिक भरकटलेलं होतं. सोव्हिएत लढाऊ विमानानं क्षेपणास्त्र सोडलं. २६९ माणसं होती. २६९ गेली.

इथं थोडं थांबतो, कारण कारण काय होतं ते सांगायला हवं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं १९९३ मध्ये ब्लॅक बॉक्सच्या नोंदी मिळाल्यावर पुन्हा चौकशी केली. निष्कर्ष असा: ऑटोपायलट पाच तासांहून जास्त वेळ एका ठरावीक होकायंत्र-दिशेवरच चालत राहिला. वाट दाखवणारी यंत्रणा, आयएनएस, तिच्या हातात विमान गेलंच नाही. एक तर वैमानिकांनी खटका त्या जागी फिरवला नसावा, किंवा फिरवला तेव्हा विमान नियोजित वाटेपासून साडेसात सागरी मैलांहून लांब गेलेलं असावं. तेवढ्या अंतराबाहेर ती यंत्रणा ताबा घेत नाही. तयार असते, वाट बघत असते, पण विमान चालवत नाही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला हे वाचून झोप लागत नाही. यंत्रणा बिघडलेली नव्हती. ती सांगितल्याप्रमाणेच वागत होती. माणसाला वाटत होतं ती विमान चालवतेय, आणि तिला वाटत होतं मला अजून सांगितलेलं नाही. आमच्या स्क्रीनवर 'तयार' आणि 'चालू' असे दोन दिवे असतात, त्यातला फरक समोरच्याला नीट कळतोय का, हा प्रश्न मी तेव्हापासून फार गंभीरपणे घेतो. पण यंत्रणेची चूक वाट चुकण्यापुरतीच. वाट चुकलेल्याला मारायचं हे ठरवणारं आभाळ माणसांनी बनवलेलं होतं.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. त्याच महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या सरकारनं जाहीर केलं की लष्करासाठी बनत असलेली जीपीएस यंत्रणा तयार झाली की नागरी वापरासाठी मोकळी करू. आज तुमच्या फोनमध्ये नकाशा चालतो, स्विगीवाला घर शोधत येतो, त्यामागं या घटनेचाही हात आहे. दुसरी गोष्ट, १९८४ च्या मे महिन्यात शिकागो करारात नवीन कलम घालायचं ठरलं: उडत्या नागरी विमानाविरुद्ध शस्त्र वापरायचं नाही. ते लिहून ठेवावं लागलं, यातच सगळं आलं.

दार उघडलं आणि हेलसिंकीचं नशीब

१९८० च्या दशकाच्या शेवटी हवा बदलली. सैबेरियाच्या परवानग्या वाढल्या, १९८९ मध्ये बोईंग ७४७-४०० सेवेत आलं, आणि लंडन–टोकियो न थांबता साधारण बारा तासांत होऊ लागलं. १९९१ साली सोव्हिएत युनियन संपलं. अँकरेजला प्रवासी विमानं थांबायची बंदच झाली. उदोनची टपरी इतिहासजमा झाली. मालवाहू विमानं मात्र आजही तिथं उतरतात, कारण मालवाल्यांना घाई कमी आणि वजन जास्त: मध्ये इंधन भरलं की तेवढा जास्त माल नेता येतो.

या बदलाचा सगळ्यात मोठा फायदा कुणाला झाला असेल तर हेलसिंकीला. गोलावरचा दोरा आठवा. पश्चिम युरोपातून जपान, कोरिया, चीनकडे जाणारे दोरे फिनलंडच्या आसपासूनच जातात. म्हणून फिनएअरनं ठरवलं की आपण युरोप आणि आशिया यांच्यामधलं जंक्शन व्हायचं. पन्नास-पंचावन्न लाख वस्तीचा देश, पण विमानतळावर जपानी आणि चिनी भाषेतल्या पाट्या.

यातली खरी मेख एका आकड्यात आहे. हेलसिंकी–टोकियो साडेनऊ तास. जाऊन येऊन १९ तास. दोन्हीकडे उतरवणं, साफसफाई, इंधन, पुन्हा चढवणं, यात चार-पाच तास. बेरीज २४. म्हणजे एकच विमान रोज संध्याकाळी हेलसिंकीहून सुटतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच फेरीसाठी पुन्हा हजर असतं. एक विमान, एक रोजची सेवा. विमान कंपनीसाठी याहून गोड गणित नाही. लंडन किंवा पॅरिसहून हे जमत नाही, अंतरच बसत नाही. हेलसिंकीला भूगोलानं दिलेलं हे वरदान होतं. फक्त त्या वरदानाची किल्ली मॉस्कोत होती.

२०२२

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. २७ ला युरोपीय संघानं रशियन विमानांना आपलं आभाळ बंद केलं. २८ ला रशियानं ३६ देशांच्या विमानांना आपलं बंद केलं. फिनएअरची आशियातली बरीच उड्डाणं अक्षरशः एका रात्रीत थांबली.

९ मार्चला टोकियोची सेवा पुन्हा सुरू झाली. वाट कोणती? उत्तर ध्रुव, बेरिंगची सामुद्रधुनी, कामचाटकाला वळसा. तीच, १९८३ ची. वैमानिकांच्या नव्या पिढीनं जुनी वाट पुन्हा काढली. आता जीपीएस होतं, त्यामुळे जायरोस्कोप आणि चौकोनी जाळ्याचा खटाटोप नव्हता. पण दोनच इंजिनांचं विमान ध्रुवावरून न्यायचं तर एक बंद पडल्यास उतरायचं कुठं, टाकीतलं इंधन गोठायच्या जवळ तर जात नाही ना, हे सगळं पुन्हा बघावं लागलं. विमानाचं नेहमीचं इंधन उणे ४७ अंशांना गोठायला लागतं, आणि ध्रुवावर बाहेरची हवा त्याहून थंड असू शकते. प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र मिळायला लागलं. वारा उलटसुलट असेल त्याप्रमाणे दुसरी वाट दक्षिणेची: तुर्कस्तान, कॉकेशस, कॅस्पियन, कझाकस्तान, चीन. दोन्हीकडून वेळ साधारण तेवढाच, १३ तास.

आता ते गोड गणित पुन्हा मांडा. १३ अधिक १३, २६. दिवस २४ तासांचा. संपलं. तीच रोजची सेवा चालवायला आता एक विमान पुरत नाही. इंधन जास्त, वैमानिक जास्त. फिनएअरला काही विमानं दुसऱ्या कंपन्यांना भाड्यानं द्यावी लागली, कारण ज्या आशियासाठी ती घेतली होती तो आशिया साडेतीन तासांनी लांब गेला होता. आणि चिनी कंपन्यांना रशियाचं आभाळ उघडंच आहे. त्या आजही जवळच्या वाटेनं जातात. एकाच जोडीच्या शहरांत कोणाच्या पासपोर्टचं विमान आहे यावर अंतर ठरतं!

माझ्यासोबत काम करणारा एक फिनिश मित्र आहे, त्याची बायको जपानी. तो म्हणाला, आमच्याकडे आधी असं होतं की मुलीला संध्याकाळी जेवायला घालून विमानात बसवायचं, ती झोपायची, उठली की आजी. आता ती मध्ये उठते आणि विचारते, पोचलो का? आणि तिकीटही असं महागलंय की वर्षातून दोनदा जाणारे आम्ही एकदाच जातो. मी त्याला ७,८०० किलोमीटरचा आकडा सांगितला. तो म्हणाला, तो तुझ्या प्रोग्रॅममध्ये खरा असेल.

आपल्याकडचं काय?

हे सगळं दूरचं वाटत असेल तर दिल्ली विमानतळावर या. २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटनंतर पाकिस्ताननं आपलं आभाळ बंद केलं, ते जुलैपर्यंत. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी विमानं आधी दक्षिणेला, गुजरातच्या बाजूला येऊन मग अरबी समुद्रावरून पश्चिमेला वळायला लागली. त्या काळातला एअर इंडियाचा तोटा ४९१ कोटी रुपये, असं सरकारनं संसदेत सांगितलं होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर तेच पुन्हा घडलं, आणि यावेळी भारतानंही पाकिस्तानी विमानांना आपलं आभाळ बंद केलं. एअर इंडियाच्या अमेरिकेच्या काही फेऱ्या मध्येच व्हिएन्नाला इंधनासाठी थांबू लागल्या. पुण्या-मुंबईच्या किती घरांतले आई-बाबा दिल्लीमार्गे लेकीकडे, मुलाकडे जातात! त्यांना एवढंच कळतं की यंदा प्रवास लांबला.

आणि याची दुसरी बाजूही आहे. रशियाचं आभाळ भारतीय विमानांना उघडं आहे. त्यामुळे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोला एअर इंडिया त्यावरून जाते, अमेरिकन कंपन्यांना जाता येत नाही. २०२३ च्या जूनमध्ये असंच एक विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अति पूर्वेला, मगदानला उतरलं. दोनशेहून जास्त प्रवासी. गावात एवढ्यांसाठी हॉटेलं नव्हती, शाळेच्या वर्गांत गाद्या टाकून लोक झोपले. दुसरं विमान गेलं तेव्हा सुटका झाली. जवळची वाट घेतली की त्या वाटेवरचा मुलूखही सोबत घ्यावा लागतो.

म्हणून शेवटी एवढंच सांगतो. आम्ही प्रोग्रॅममध्ये दोन शहरांना जोडणारी रेघ काढतो आणि तिच्यावर एक आकडा लिहितो. किलोमीटर लिहाल तर तो आकडा कायमचा. तास लिहाल तर तो आकडा त्या वर्षापुरता. साडेनऊ तास हे १९९१ नंतरच्या तीस वर्षांचं माप होतं. त्यात एक मोडलेली भिंत होती, एक टोल होता, आणि २६९ माणसांनंतर लिहिलेलं एक कलम होतं. आपण त्याला तंत्रज्ञानाची प्रगती समजत होतो. त्यातला बराचसा भाग नुसती परवानगी होती, आणि परवानगी परत घेता येते.

पुढच्या वेळी तिकीट काढताना प्रवासाच्या वेळेकडे बघाल, तेव्हा सीटसमोरच्या स्क्रीनवर वाटेचा नकाशाही उघडा. विमान कुठून जातंय हे सगळेच बघतात. कुठून जात नाहीये तेही बघा, आणि ते कधीपासून हे शोधा. एखादी चांगली गोष्ट सापडली तर मला नक्की लिहा. पुढच्या एखाद्या भागात घेऊ.

आज इथंच थांबतो. भेटू लवकरच.